पुराव्यावाचून पडलेले दावे

न्यायालयात दावा हरण्याचे दोन प्रकार आहेत. एकात दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले जाते, साक्षीदार तपासले जातात, कागद वाचले जातात आणि अखेर वादीचे म्हणणे खरे नाही असे न्यायाधीश ठरवितो. दुसऱ्यात ते खरे की खोटे हा प्रश्न कधी उघडतच नाही. तारीख नेमलेली असते, पुकारा होतो, वादी पुढे येत नाही. किंवा येतो, पण त्याच्या हातात कागद नसतो आणि मागे साक्षीदार नसतो. मग दावा काढून टाकला जातो. पहिल्या प्रकाराला पराभव म्हणता येईल. दुसऱ्याला काय म्हणावे, याचा विचार आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनी फार जुन्या काळापासून केलेला आहे. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस भोपाळ शहरात या प्रश्नाची जेवढ्या मोठ्या प्रमाणावर कसोटी लागली तेवढी क्वचितच कोठे लागली असेल.

भोपाळचा आणि या शास्त्राचा संबंध अगदीच दूरचा नाही. ज्या परमार राजा भोजाचे नाव तेथील मोठ्या तलावाशी आणि जवळच्या भोजपूरच्या अपूर्ण शिवमंदिराशी जोडलेले आहे, तोच भोज धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ‘धारेश्वर’ या नावाने भेटतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली, तीत या धारेश्वराच्या मतांचा परामर्श घेतलेला आहे. महाराष्ट्रातील वारसाहक्काचे निवाडे ज्या ग्रंथाच्या आधारे शतकानुशतके होत आले, तो हाच ग्रंथ. परंतु मिताक्षरेचा व्यवहाराध्याय केवळ वारसाहक्कापुरता नाही. दावा कसा चालवावा याचीही त्यात काटेकोर मांडणी आहे.

त्या मांडणीप्रमाणे व्यवहाराचे, म्हणजे दाव्याचे, चार पाद असतात : वादीची भाषा, प्रतिवादीचे उत्तर, क्रिया आणि निर्णय. यातील ‘क्रिया’ म्हणजे पुरावा. तो तीन प्रकारचा : लेख, भोगवटा आणि साक्षीदार. यांपैकी काहीच नसेल तर दिव्य. पुरावा कोणी द्यावयाचा हे प्रतिवादीच्या उत्तरावरून ठरत असे. त्याने साफ नाकारले तर भार वादीवर पडे. पण ‘घेतले हे खरे, मात्र परत केले’ किंवा ‘याचा निकाल पूर्वीच झाला आहे’ असे त्याने म्हटले, तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्याच अंगावर येई. आजच्या वकिलाला यात नवे काही वाटणार नाही.

याहून मननीय आहे ती ‘हीन’ पक्षकाराची कल्पना. नारदाने हीनाचे पाच प्रकार सांगितले आहेत : आधी एक बोलून मग दुसरेच बोलणारा, क्रियेचा द्वेष करणारा, हजर न राहणारा, उत्तर न देणारा आणि बोलावले असता पळून जाणारा. यातील दुसरा प्रकार, क्रियाद्वेषी, म्हणजे पुराव्याचे वावडे असलेला. पुरावा पुढे येऊ नये अशीच ज्याची इच्छा आहे तो. ज्याच्याजवळ पुरावा नाही तो निराळा आणि ज्याला पुरावा नको आहे तो निराळा. हा भेद त्या शब्दातच बसविलेला आहे. दिवाणी न्यायाच्या पुढच्या इतिहासात तो वारंवार विसरला गेला, हे येथेच नोंदवून ठेवावयास हरकत नाही.

मराठेशाहीतील पद्धतही या चौकटीपासून फार दूर गेलेली नव्हती. गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे वाद आला म्हणजे प्रथम दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत. त्या काळी राजीनामा म्हणजे निवाडा मान्य करण्याची लेखी कबुली. मग जामीन, मग दोघांच्या तकरिरी, मग प्रश्नोत्तरे. या चौकशीतील ‘पुरसीस’ हा शब्द महाराष्ट्रातील दिवाणी कोर्टांत आजही जिवंत आहे. पक्षकार कोर्टापुढे जे लेखी निवेदन ठेवतो त्याला पुरशीसच म्हणतात. निवाडा झाला की हरणाऱ्याने येजितखत लिहून द्यावयाचे, जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. या पद्धतीतले दोष एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात सविस्तर दाखविले. पंच जमत नसत, कामे रेंगाळत, निकालाची अंमलबजावणी अनिश्चित असे. ते खोटे नव्हते. पण त्या पद्धतीत एक गोष्ट होती. पंच बहुधा त्याच गावचे असत. वादीचे शेत कोणते, त्याचा बाप कोण, तो त्या रात्री कोठे होता, हे त्यांना पुष्कळदा कागदावाचून ठाऊक असे.

इंग्रजी अमलात न्यायाधीश परका झाला आणि कागद सर्वस्व झाला. १८५९ साली दिवाणी कामाचा पहिला सर्वसाधारण कायदा आला. तो बदलत बदलत १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या रूपाने स्थिर झाला आणि असंख्य दुरुस्त्यांनिशी आजही चालू आहे. तिचा नववा आदेश गैरहजेरीविषयीचा आहे. पुकाऱ्याच्या वेळी प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असला, तर दावा काढून टाकला जातो आणि त्याच कारणासाठी नवा दावा आणता येत नाही. सबळ कारण दाखवून तीस दिवसांच्या आत जुना दावा परत फायलीवर घेण्याचा अर्ज तेवढा करता येतो. सतरावा आदेश तहकुबीविषयीचा आहे. पुरावा आणण्यासाठी मुदत मागून घेतलेल्या पक्षाने तो आणला नाही, तर न्यायालयाला आहे त्या स्थितीत दावा निकालात काढता येतो. पुराव्याचे पान कोरे असेल तर तो निकाल काय लागणार हे सांगावयास नको. २००२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत असेही सांगितले. तो नियम कितपत पाळला जातो हे ज्याचा दावा कोर्टात आहे त्याला विचारावे.

या नियमांना क्रूर म्हणणे अन्यायाचे होईल. प्रतिवादीलाही जन्मभर टांगणीला लावून ठेवता येत नाही, आणि आरोप करून मोकळे होणाऱ्याला न्यायालयाने पाठीशी घालू नये हे योग्यच आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने, ज्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने केला, हीच गोष्ट साध्या शब्दांत मांडली : जो एखादी गोष्ट घडली असे म्हणतो, त्याने ती शाबीत केली पाहिजे. मात्र त्याच कायद्यात आणखी एक कलम होते, एकशे सहावे. जी गोष्ट एखाद्याच्या खास माहितीतली आहे ती शाबीत करण्याचा भार त्याच्यावरच राहील, असे ते सांगे. आणि जो पक्ष आपल्या ताब्यातला पुरावा पुढे आणीत नाही, त्याचा पुरावा त्याच्या विरुद्ध जाणारा असावा असे न्यायालयाने धरून चालावे, अशीही मुभा ठेवलेली होती. क्रियाद्वेषी पक्षकार स्टीफनलाही ठाऊक होता. १ जुलै २०२४ पासून हा कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला. कलमांचे आकडे बदलले, आशय तोच राहिला.

आता भोपाळकडे वळावयास हरकत नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यातील एका टाकीत पाणी शिरले आणि सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट वायू शहरावर पसरला. कारखान्याला लागून असलेल्या जयप्रकाशनगर, काझी कँप यांसारख्या वस्त्यांत माणसे झोपेतच गुदमरली. जी पळाली त्यांतली अनेक वाटेत पडली. हमीदिया रुग्णालयात पहाटेपासून हजारोंची रीघ लागली. ज्यांनी डोळ्यांत औषध घातले त्यांनी नाव लिहून घेतले नाही, आणि ज्यांच्या डोळ्यांत घातले त्यांनी चिठ्ठी मागितली नाही. मृतांचे दफन आणि दहन एकेकट्याने नव्हे, तर समुदायाने झाले. अशा रात्री कोण कोणाजवळून पावती घेणार? पण पुढे सात-आठ वर्षांनी नेमकी तीच मागितली गेली.

प्रथम दावे अमेरिकेत गेले. तेथील वकील भोपाळात उतरले, अंगठे घेतले गेले, आणि निरनिराळ्या न्यायालयांतील सुमारे दीडशे दावे न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात न्यायाधीश जॉन कीनन यांच्यापुढे एकत्र करण्यात आले. भारतीय संसदेने मार्च १९८५ मध्ये खास कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला, आणि एप्रिलमध्ये सरकारही न्यूयॉर्कच्या न्यायालयात वादी म्हणून उभे राहिले. हे दावे भारतातच चालावेत असे कंपनीचे म्हणणे होते. भारतातील न्यायालये असा खटला चालविण्यास समर्थ आहेत, असे प्रतिज्ञापत्र तिच्या बाजूने नानी पालखीवाला यांनी दिले. आणि ती समर्थ नाहीत असे सांगण्याची विचित्र पाळी भारत सरकारवर आली.

१२ मे १९८६ रोजी कीनन यांनी दावे काढून टाकले. पुरावा नाही म्हणून नव्हे. योग्य स्थळ भारत आहे म्हणून. मात्र ते करताना त्यांनी कंपनीवर तीन अटी घातल्या. तिने भारतीय न्यायालयाचा अधिकार मानावा, तेथील योग्य हुकूमनामा पाळावा, आणि कागदपत्रे दाखविण्याच्या बाबतीत अमेरिकेचे नियम स्वतःला लागू करून घ्यावेत. तिसरी अट सर्वांत मोलाची होती. अमेरिकन पद्धतीत सुनावणीपूर्वीच एका पक्षाला दुसऱ्याच्या कपाटापर्यंत पोचता येते; पत्रे, अहवाल, आतल्या टिपणी मागून घेता येतात. भारतीय संहितेतही कागद तपासण्याची सोय आहे, पण ती अरुंद आहे. भोपाळच्या कारखान्याची रचना, सुरक्षिततेविषयीचा पत्रव्यवहार, १९८२ साली कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी तेथे येऊन दाखविलेले दोष, यांचे मूळ कागद ज्या कपाटांत होते ती कनेक्टिकट राज्यात, डॅनबरीला होती.

जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकन अपील न्यायालयाने दावे काढून टाकण्याचा निर्णय कायम ठेवला आणि ही तिसरी अट मात्र उडवून लावली. कारण सांगितले ते असे की सवलत एकतर्फी नसावी. भारत सरकारलाही तीच बंधने लागू झाली तरच ती न्याय्य ठरेल. तर्क म्हणून हे बरोबर असेल. परिणाम एवढाच झाला की दावा भोपाळला आला आणि कपाट डॅनबरीला राहिले.

दरम्यान सरकारने ५ सप्टेंबर १९८६ रोजी भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला होता. त्याचा क्रमांक १११३. मागणी पुढे तीनशे तीस कोटी डॉलरपर्यंत गेली. कंपनीने कैफियतीत सांगितले की वायू गळाला हे खरे, पण तो कोणा असंतुष्ट कामगाराच्या घातपातामुळे. मिताक्षरेच्या भाषेत हे कारणोत्तर झाले. ते सिद्ध करण्याचा भार ज्याने सांगितले त्याच्यावर. तसा प्रसंग कधी आलाच नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २० डिसेंबर १९८६ रोजी, दिल्लीतील श्रीराम कारखान्याच्या ओलियम वायूच्या गळतीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश भगवती यांच्या अध्यक्षतेखाली एक दूरगामी तत्त्व सांगितले. धोकादायक उद्योग चालविणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. इंग्लंडमधील रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या एकोणिसाव्या शतकातील निवाड्याच्याही पुढे हे पाऊल होते. वादीच्या खांद्यावरचे अर्धे ओझे त्याने उतरविले. पण अर्धेच. दोष कोणाचा हे सिद्ध करावयास नको झाले, तरी इजा कोणाला झाली आणि ती त्याच वायूने झाली, हे सिद्ध करणे राहिलेच.

भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी साडेतीनशे कोटी रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा हुकूम केला. दावा चालावयास वर्षे लागणार, तोपर्यंत माणसे मरणार, तेव्हा न्यायालयाने आपल्या अंगभूत अधिकारात मधला मार्ग काढला पाहिजे, अशी त्यामागची दृष्टी. पुरावा एका ओळीनेही नोंदला नसताना पैसे देण्याचा हुकूम म्हणजे सुनावणीशिवाय निकालच होय, असा कंपनीचा आक्षेप होता. प्रकरण जबलपूरला उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती एस. के. सेठ यांनी ४ एप्रिल १९८८ रोजी रक्कम अडीचशे कोटींवर आणली, परंतु आधार अधिक भक्कम केला : प्रथमदर्शनी जबाबदारी इतकी उघड आहे की अंतिम भरपाईपैकी काही भाग आधी देववणे न्याय्य ठरेल. पुरावा पुढे येण्यापूर्वी न्यायालय किती पाऊल टाकू शकते, या प्रश्नावर त्या दोन निकालांत जे लिहिले गेले त्याचा पुढे अभ्यास व्हावयास हवा होता. तो झाला नाही, कारण वादच संपविण्यात आला.

१४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश पाठक यांच्या पीठापुढे अंतरिम भरपाईचेच अपील चालू असताना, सत्तेचाळीस कोटी डॉलरवर संपूर्ण तडजोड घडवून आणली. मे महिन्यात तिची कारणे प्रसिद्ध झाली. तीन हजार मृत, तीस हजार कायमचे अपंग, वीस हजार तात्पुरते अपंग, अशा अंदाजांवर हिशेब बसविलेला होता. क्रमांक १११३ च्या दाव्यात जबाबदारीच्या मुद्द्यावर एकही साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला नाही. डॅनबरीचे कपाट बंद ते बंदच राहिले. घातपाताची गोष्टही कधी कोर्टात तपासली गेली नाही, त्यामुळे ती खोटी ठरलीही नाही. पुढे कंपनी ती सांगतच राहिली.

मोठा दावा असा पुराव्यावाचून संपला. लहान दाव्यांच्या वाट्याला मात्र वेगळा न्याय आला.

१९८५ च्या कायद्याखालील योजनेप्रमाणे प्रत्येक पीडिताने स्वतःचा अर्ज भरावयाचा आणि दावा न्यायाधिकरणापुढे आपली हानी शाबीत करावयाची होती. जी कंपनी दोषी की निर्दोष हे ठरविण्यासाठी सरकारने एकही कागद वाचून दाखविला नाही, तिच्या पैशांतून आपला वाटा मागणाऱ्या विडी वळणाऱ्या बाईने मात्र त्या रात्री आपण कोठे होतो, कोणत्या दवाखान्यात गेलो, काय औषध घेतले, याचे लेख दाखवावयाचे. छप्पन प्रभागांपैकी छत्तीस वायुग्रस्त ठरविलेले होते. तेथील वास्तव्य शिधापत्रिकेने दाखवावे तर झोपडीत राहणाऱ्यांतल्या कित्येकांजवळ शिधापत्रिकाच नव्हती. भाडेकरू होते, मजुरीसाठी चार महिन्यांपूर्वी आलेले होते, नातेवाइकाकडे मुक्कामाला आलेले होते.

दावा संचालनालयाने केलेल्या वैद्यकीय वर्गवारीचे आकडे १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नमूद आहेत, आणि ते सावकाश वाचण्यासारखे आहेत. एकूण ३,५८,७१२ प्रकरणे. पैकी ‘इजा नाही’ १,५५,२०३. ‘तात्पुरती इजा’ १,७३,३८२. ‘कायमची इजा’ १८,९२२. तात्पुरत्या अपंगत्वाच्या दोन वर्गांत मिळून साडेआठ हजारांच्या आत, ‘कायमचे अंशतः अपंगत्व’ २,६८०, आणि ‘कायमचे संपूर्ण अपंगत्व’ चाळीस. चाळीस हजार नव्हे, चाळीस. फुप्फुसाच्या आतल्या दुखण्याला बाहेरून खूण नसते; आणि वर्गवारी करताना तपासणीइतकेच जवळच्या काळातील उपचारांच्या कागदांना महत्त्व होते. कागद नसेल तर इजा तात्पुरती, किंवा नाहीच. ‘इजा सिद्ध झाली नाही’ आणि ‘इजा झाली नाही’ ही दोन वाक्ये मराठीत जितकी निराळी आहेत तितकीच कायद्यातही आहेत. परंतु तक्त्यातील रकान्याला एकच मथळा पुरतो.

दाव्यांचे वाटप १९९२ नंतर सुरू झाले आणि वर्षानुवर्षे चालले. शेवटी नोंदलेल्या दाव्यांची संख्या दहा लाख एकोणतीस हजारांवर गेली. मंजूर झाले सुमारे पाच लाख चौऱ्याहत्तर हजार. साडेचार लाखांहून अधिक फेटाळले गेले. त्या साडेचार लाखांत खोटे दावे होते, दुबार दावे होते, हे मान्य केले पाहिजे. जेथे पैसे वाटले जातात तेथे तसे होतेच. पण हजर न राहिल्यामुळे पडलेले, कागद न मिळाल्यामुळे पडलेले, वास्तव्य शाबीत न झाल्यामुळे पडलेले दावेही त्यांतच आहेत, आणि खोट्याला खऱ्यापासून वेगळे करणारी चाळणी त्या ढिगावर नंतर कोणी लावली नाही. ज्यांचे मंजूर झाले त्यांतील बहुतेकांना पंचवीस हजार रुपये मिळाले. १९९० पासून छत्तीस प्रभागांतील रहिवाशांना दरमहा दोनशे रुपये मिळत असत, तेही त्यातून वजा झाले. डॉलरच्या भावातील फरकाने आणि व्याजाने वाढलेली उरलेली रक्कम २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याच प्रमाणात पुन्हा वाटण्यात आली. म्हणजे ज्याचा दावा पहिल्यांदा पुराव्याअभावी पडला, त्याला दुसऱ्यांदाही काही मिळाले नाही.

त्या दरमहा दोनशे रुपयांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते देताना कोणालाही इजेचा पुरावा मागितला नव्हता. त्या वस्तीत राहत होता एवढे पुरे होते. रक्कम क्षुल्लक होती, पण तत्त्व क्षुल्लक नव्हते. वायू घर पाहून शिरला नव्हता, आणि त्याच हिशेबाने वस्ती हाच पुरावा धरता आला असता.

याच इतिहासाचा एक उपकथाभाग पुन्हा न्यूयॉर्कला घेऊन जातो. कारखाना बंद झाला तरी त्याच्या आवारातील आणि बाष्पीभवनाच्या तळ्यांतील रसायने जमिनीत झिरपून भोवतालच्या वस्त्यांचे पाणी दूषित झाले. त्या पाण्यासंबंधीचे दावे अमेरिकेत दाखल झाले, आणि योगायोग असा की ते त्याच न्यायाधीश कीनन यांच्यापुढे आले. जून २०१२ मध्ये त्यांनी मूळ कंपनीच्या बाजूने निकाल दिला. साक्षीदार उभे करून सुनावणी झालीच नाही. वादींनी सादर केलेल्या कागदांवरून मूळ कंपनीची जबाबदारी दाखविणारा पुरेसा पुरावा दिसत नाही, मग सुनावणी कशाला, असे तेथील प्रक्रियेचे रूप आहे. कचरा निर्माण केला आणि टाकला तो भारतीय कंपनीने. अमेरिकन कंपनीने तो टाकला असे दाखविणारे काही नाही. वास्तविक भारतीय कंपनीचे पन्नास टक्क्यांहून अधिक भाग अमेरिकन कंपनीच्या मालकीचे होते. दुसऱ्या दाव्यात कारखान्याच्या उभारणीवर देखरेख करणारा इंजिनियर कोणाचा नोकर होता, हा प्रश्न निर्णायक ठरला. २०१४ मध्ये तोही दावा गेला, आणि २०१६ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. १९८६ साली जे कागद मिळावेत म्हणून कीनन यांनी अट घातली होती आणि जी वरच्या न्यायालयाने उडविली, ती राहिली असती तर कारखान्याचा आराखडा, मंजुरी आणि हुकूम कोठून येत होते याचे चित्र तीस वर्षे आधी भोपाळच्या कोर्टात नोंदले गेले असते.

अखेरचा अंक दिल्लीत झाला. १९८९ चे अंदाज चुकले, मृत तीन हजार नव्हते, भरपाई मिळालेले मृत्यूच पाच हजारांवर गेले, असे सांगून केंद्र सरकारने डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दुरुस्तीची याचिका केली आणि सात हजार आठशे कोटींहून अधिक रुपये मागितले. १४ मार्च २०२३ रोजी न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, ज्यात न्यायमूर्ती अभय ओक हेही होते, ती फेटाळली. दोन दशकांनंतर हा प्रश्न उकरून काढण्याचे समाधानकारक कारण सरकारने दाखविले नाही, असे न्यायालयाने म्हटले. तडजोड फसवणुकीने झाली असेल तरच ती मोडता येईल, आणि तसे सरकारचे म्हणणेही नव्हते. शिवाय १९९१ च्या निकालाने दोन गोष्टी सरकारवर सोपविल्या होत्या. रक्कम कमी पडली तर ती कल्याणकारी राज्याने भरून काढावी, आणि ज्यांची लक्षणे अजून दिसली नाहीत अशा सुमारे एक लाख लोकांचा वैद्यकीय विमा उतरवावा. विमा उतरविलाच गेला नाही. ज्या वादीने लाखो लोकांचा दावा आपल्या नावावर घेतला होता, तो वादीच असा रिकाम्या हातांनी न्यायालयापुढे उभा होता.

रिझर्व्ह बँकेत शिल्लक पडलेले पन्नास कोटी रुपये उरलेल्या दाव्यांसाठी वापरावेत, एवढा आदेश त्या निकालात आहे. फेटाळलेल्या दाव्यांचा त्यात उल्लेख नाही.